जो हजर, त्याच्याच गळ्यात

नाही, पण मी म्हणतो, माझा गुन्हा काय? मीटिंग अकराला होती आणि मी पावणेअकराला जाऊन बसलो, हाच ना? तुम्हाला सांगतो, शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशीची ती मीटिंग, खोलीत तीस खुर्च्या आणि त्यातल्या जेमतेम बारा भरलेल्या, कारण खेळाच्या सरांचा गुडघा धरलेला, विज्ञानाच्या बाईंच्या नणंदेचं काहीतरी निघालेलं, चित्रकलेचे सर "आलोच" म्हणून गेले ते अजून यायचेत, आणि आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, हातातल्या कागदातून डोकं वर न काढता सांगतायत, की या वर्षी मुलांची उपस्थिती वाढवायची आहे, एकही बाक रिकामा दिसता कामा नये, आणि त्यासाठी एक उपस्थिती प्रमुख नेमायचा आहे. मग त्यांनी पेन उघडलं आणि विचारलं, "कोण कोण आहे?" आता मी होतो समोर, म्हणून म्हटलं, मी आहे. झालं! लिहिलं नाव. अहो, मी तयार आहे असं कुठं म्हणालो होतो, मी नुसता खोलीत आहे एवढंच म्हणालो... पण आमच्या शाळेत खोलीत असणं आणि तयार असणं यात फरक करायची पद्धतच नाही. जो हजर, त्याच्याच गळ्यात!

आणि हे आजचं नाही बरं का. तेवीस वर्षं झाली मला या शाळेत गणित शिकवून, आणि तेवीस वर्षांत एक दिवस रजा नाही. लग्न केलं ते रविवारी. मुलगी झाली ती मधल्या सुट्टीत, म्हणजे जन्माला येताना तिनंसुद्धा माझा तास बुडू दिला नाही. आणि या सगळ्याचं फळ काय, तर पाण्याच्या टाक्या धुवून घ्यायचं काम माझ्याकडे, फुटलेल्या काचा मोजायचं काम माझ्याकडे, पोरं विसरून जातात त्या छत्र्यांचं कपाट माझ्याकडे. खेळाचे सर महिन्यातून सहा दिवस येत नाहीत, त्यांना काय मिळतं? चौकशी! सगळी शाळा विचारते, "गुडघा कसा आहे?" माझेही दोन गुडघे आहेत हो. त्यांची विचारपूस आजपर्यंत एकानंही केलेली नाही, कारण ते रोज माझ्याबरोबर शाळेत येतात.

बरं, गळ्यात पडलंच आहे तर नीट करू, असा माझा स्वभाव. पहिल्या दिवशी प्रार्थना झाल्यावर मोठ्या बाईंनी मला माइकसमोर उभं केलं आणि मी सुरू केलं. नियमित या, एक दिवस बुडाला की एक धडा बुडतो, एक धडा बुडाला की पुढचे चार कळत नाहीत, घरी बसून कुणाचं भलं झालं नाही... चाळीस मिनिटं बोललो. घसा तापला तसा मीही तापलो. न येणाऱ्यांना असं काही झापलं म्हणता! आणि शेवटी शेवटी माझ्या लक्षात आलं, की समोर उन्हात उभी आहेत ती सगळी आलेली पोरं. ज्यांना झापतोय ती घरी लोळतायत, आणि जी वेळेवर, भांग पाडून, नवी वही घेऊन आलीत, ती खाली मान घालून माझी बोलणी खातायत! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच की. त्यातली एक मुलगी घेरी येऊन खाली बसली, तिला मग आम्ही घरी पाठवली, आणि नियमाप्रमाणे तिची अर्ध्या दिवसाची गैरहजेरी लावली.

आता तुम्हीच बघा ना, तुम्ही वेळात वेळ काढून इथे आलात म्हणून माझी ही कटकट तुम्हाला ऐकावी लागतेय. जे आले नाहीत ते मजेत आहेत.

तर सांगत काय होतो, भाषणानं काही होत नाही हे मला तिथंच कळलं. पोरांना आमिष पाहिजे. मग आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं, विजेच्या सामानाचं दुकान आहे त्याचं, त्यानं शाळेला एक उभा पंखा भेट दिला होता, हा एवढा, माझ्या खांद्याला लागेल असा, मान डावीकडून उजवीकडे फिरवणारा. तो पंखा ऑफिसात ठेवायचा की शिक्षकांच्या खोलीत यावर दोन महिने मनं कलुषित झाली होती. मी म्हटलं, भांडू नका, तो पोरांना द्या. नियम असा, त्याच दिवशी पहिल्या हजेरीच्या आधी वर्गावर्गात सांगितलेला, की ज्या वर्गात शंभर टक्के हजेरी, त्या वर्गात पंखा. एक जरी पोरगं कमी झालं तर शिपाई येणार आणि पंखा उचलून बाहेर नेणार. मोठ्या बाई खूश. कागदातून डोकं न काढता म्हणाल्या, "उत्तम." आणि मी, तुम्हाला सांगतो, त्या दिवशी घरी जाऊन बायकोला म्हणालो, की डोकं लागतं याला. ती म्हणाली, "लागतं ना? मग आणखी एखादं काम येईल आता." बायकोला माझ्या शाळेची माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.

आणि पंखा कुठल्या वर्गात गेला? माझ्याच! नववी ब! चोपन्न पैकी चोपन्न. पहिला दिवस चोपन्न, दुसरा चोपन्न, तिसरा चोपन्न. फाटकाजवळ फळा लावला होता, त्यावर रोज प्रत्येक वर्गाची टक्केवारी खडूनं लिहायची, हे कामही अर्थात मीच करत होतो, आणि नववी अ एक्याण्णव, दहावी अ त्र्याण्णव, आठवी ब नव्वद, आणि आमची नववी ब शंभर, शंभर, शंभर! मी तो शंभराचा आकडा जरा मोठाच काढायचो. विज्ञानाच्या बाई थांबून वाचायच्या आणि काही न बोलता निघून जायच्या, यासारखं सुख नाही. पंखा आमच्या वर्गात डावीकडून उजवीकडे मान फिरवतोय, वारा येतोय, मी खुर्चीत बसून, कॅटलॉग, म्हणजे आमचं हजेरीचं पुस्तक, समोर उघडून नंबर पुकारतोय. एक. हजर सर. दोन. हजर सर. तीन. हजर सर. पट, पट, पट! दीड मिनिटात चोपन्न पोरांची हजेरी! मान वर करायची गरजच काय? तेवीस वर्षांचा हात बसलेला.

अहो, गणिताचा मास्तर ना मी? चोपन्न पोरं, आठ दिवस, आणि एकाच्याही पोटात दुखत नाही, एकालाही ताप नाही, एकाच्याही घरी पाहुणे येत नाहीत, असं होतं का कधी? दुसऱ्याच्या वर्गाचं असतं तर मी फळ्यासमोर उभं राहून सिद्ध करून दाखवलं असतं की हे अशक्य आहे. पण स्वतःच्या वर्गाचं होतं ना! गुरुवारी अहवाल लिहून मोठ्या बाईंकडे देऊनसुद्धा टाकला, सुवाच्य अक्षरात, की हे यश सातत्यपूर्ण लक्ष ठेवल्यामुळे मिळाले आहे. लक्ष ठेवल्यामुळे! आता आठवलं की कान गरम होतात.

शुक्रवारी, म्हणजे आठव्या दिवशी, मधल्या सुट्टीत शिपाई म्हणाला, ऑफिसात एक पालक आल्यात, क्लार्क जेवायला गेलेत, आणि तुम्हीच काय ते दिसताय, तर बघा. बघितलंत? जो हजर, त्याच्याच गळ्यात! गेलो. एक बाई उभ्या होत्या, दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला, चादरी धुवून धुवून हात पांढरे पडलेले, कामावरून अर्धा तास मागून आलेल्या. म्हणाल्या, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे. कुठली मुलगी? नववी ब, नंबर सदतीस. माझ्या वर्गातली! मी म्हटलं, अहो ताई, का काढताय, नववी म्हणजे काय खेळ आहे? तर त्या म्हणाल्या, मी कशाला काढू, तीच येत नाही म्हणते, शाळा सुरू झाल्यापासून आठ दिवस घरी आहे.

मी हसलो. खरंच सांगतो, मी मोठ्यानं हसलो. म्हटलं, ताई, काहीतरी गैरसमज होतोय तुमचा, तुमची मुलगी रोज शाळेत येते. त्या म्हणाल्या, नाही हो, ती घरी असते. मी म्हटलं, थांबा! आणि कॅटलॉग आणून त्यांच्यासमोर उघडला, बोट ठेवून दाखवलं, हे बघा सदतीस, सोमवार हजर, मंगळवार हजर, बुधवार हजर, आज शुक्रवार, आज सकाळीसुद्धा हजर, आणि ही खाली माझी सही. त्या म्हणाल्या, सर, आज सकाळी मी निघाले तेव्हा ती झोपलेली होती, मीच तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. आणि मी, तुम्हाला सांगतो, मी त्या माउलीला काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "ताई, रेकॉर्डमध्ये तसं काही दिसत नाही."

म्हणजे आई सांगतेय की लेक घरात आहे, आणि मी सही दाखवून पटवून देतोय की नाही, ती शाळेतच आहे! बाई बिचाऱ्या क्षणभर माझ्याकडे, क्षणभर त्या पुस्तकाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "सर, मला ती शिकायला पाहिजे आहे हो. पण ती म्हणते, मावशीच्या शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करायला जाते. एकदा तिथं बसली की परत यायची नाही, मला माहीत आहे, मीही तशीच बसले होते." आणि तेवढ्यात क्लार्क तोंड पुसत आला, त्यानं अर्ज घेतला, म्हणाला, सोमवारी या, दाखला तयार ठेवतो. इतर कुठल्याही कामाला तीन आठवडे लावणारा माणूस! दाखला म्हटल्यावर सोमवार!

मी तसाच वर्गात. कॅटलॉग टेबलावर आपटला. पंखा आपला डावीकडून उजवीकडे बघतोय. मी म्हटलं, सदतीस नंबर कुठंय? सकाळी सदतीसला हजर कोण म्हणालं? सगळे पंख्याकडे बघायला लागले. मग मी आवाज चढवला, तशी पहिल्या बाकावरची मॉनिटर उठली आणि तिनं वहीचं शेवटचं पान माझ्यासमोर धरलं. वेळापत्रक! आखीव, रेखीव, तांबड्या शाईनं समास मारलेलं. सोमवारी अमकी, मंगळवारी तमकी, रोज वेगळ्या मुलीनं सदतीसचं हजर म्हणायचं, म्हणजे सरांना संशय यायला नको. आमच्या उपमुख्याध्यापकांना चार शिक्षकांचे तास एवढे नीट लावता येत नाहीत हो! आणि बुधवारी ज्या मुलीची पाळी होती ती ऐनवेळी खोकत होती, म्हणून तिच्या शेजारच्या बाकावरच्या मुलानं आवाज बारीक करून म्हटलं होतं. तेव्हा मला आठवलं... बुधवारी मी विचारलं होतं, की घसा बसलाय का गं? खाली मान घालूनच विचारलं होतं. आणि तो म्हणाला होता, हो सर. आणि मी म्हणालो होतो, गरम पाण्याच्या गुळण्या कर. त्याला! मिसरूड फुटलेल्या दांडगट पोराला मी "गुळण्या कर गं" म्हणालो, आणि वर्गातलं एक पोरगं हसलं नाही. पंख्यासाठी माणूस किती संयम ठेवतो बघा!

मी म्हटलं, अरे, पंखा पाहिजे होता तर तिला घरी जाऊन बोलावून तरी आणायचं. मॉनिटर म्हणाली, घर माहीत नाही, सर. बरं, निदान चार दिवसांनी तरी मला सांगायचं. त्यावर ती जे बोलली ना, ते मला लागलं. म्हणाली, "सर, ती आली काय आणि नाही काय, कुणाला कळतच नाही." उद्धटपणानं नाही हो म्हणाली. साधं, जसं आहे तसं.

मग मी लाल पेन काढलं आणि आठ दिवसांच्या "हजर"वर आठ वेळा "गैरहजर" लिहिलं. शिपाई आला, पंखा उचलून घेऊन गेला, आणि पोरं माझ्याकडे असं बघायला लागली की जणू मीच आठ दिवस दांडी मारली होती. म्हणजे इथेही मीच! गैरहजर ती, लबाडी यांची, नियम पंख्याचा, आणि दोषी कोण? जो हजर, त्याच्याच गळ्यात!

शनिवारी शाळा साडेअकराला सुटते आणि बाराला मीटिंग होती. कसली? उपस्थितीचा आढावा! आणि प्रमुख मी! तिच्या आईनं पत्ता देताना सांगितलं होतं, की इतर दिवशी दुपारी ती मावशीकडे काम शिकायला जाते, शनिवारी दुपारी तेवढी घरी सापडेल. आता सोमवारी दाखला. मी शिक्षकांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो, खरंच सांगतो, उंबऱ्यापर्यंत गेलो, आत खुर्च्या लावत होते... आणि वळलो. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. फाटकातून बाहेर पडताना मला वाटलं, आता कुणीतरी हाक मारणार, सर, मीटिंग आहे ना? कुणी मारली नाही. जरा वाईटच वाटलं.

दवाखान्यामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, जिना असा की वर जाणाऱ्यानं खाली येणाऱ्याला आधी विचारायचं. दार वाजवलं. एका मुलीनं उघडलं, हातात सुई-दोरा, उंच, दोन वेण्या. मी म्हटलं, बाळ, सदतीस नंबर आहे का घरात? तुझी बहीण असेल. ती म्हणाली, मीच सदतीस नंबर. आणि मी, तुम्हाला सांगतो, मी म्हटलं, अगं, तू नवीन आलीस का शाळेत? ती म्हणाली, नाही सर, पाचवीपासून आहे. मागच्या वर्षी आठवीला गणित तुम्हीच होतात.

मी बसलो. बसायला न सांगताच बसलो. आणि मग सवयीनं सुरू झालो, की एक दिवस बुडाला की एक धडा बुडतो, एक धडा बुडाला की... ती ऐकत होती. माझं संपल्यावर उठली आणि कपाटाच्या वरून एक कागद काढून माझ्या हातात दिला. शाळेचं प्रमाणपत्र, सोनेरी कडेचं. पूर्ण उपस्थितीबद्दल, मागचं वर्ष. आणि नावाच्या जागी काय? टिंबं! नुसती टिंबं! म्हणाली, बक्षीस देताना मी म्हटलं होतं की सर, यावर नाव नाही. तर तुम्ही म्हणालात, "घाईत आहे गं, घरी जाऊन तुझं तू लिही."

मी म्हणालो असेन. शंभर टक्के मीच म्हणालो असेन. त्या दिवशी मंडपाच्या खुर्च्यांचं कामही माझ्याकडेच होतं...

मग ती जे म्हणाली ते मी तुम्हाला तसंच सांगतो, कारण शनिवारपासून ते माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाली, "मागच्या वर्षी रोज आले, तर तुम्ही वर बघितलं नाही. या वर्षी एकही दिवस आले नाही, तरी तुम्ही हजेरी लावलीच. मग मी कशाला येऊ, सर? मावशीकडे एक बटण तिरकं लागलं तर ती लगेच ओरडते. म्हणजे बघते ना."

मला राग आला. तिचा नाही हो, माझा आला. बाकीच्यांचाही आला, पण त्यातला मोठा वाटा माझाच. अहो, तेवीस वर्षं मी ज्या गोष्टीसाठी जगावर चिडतोय, की रोज येणाऱ्याकडे कुणी बघत नाही, न येणाऱ्याची मात्र विचारपूस, तीच गोष्ट मी दीड मिनिटात चोपन्न पोरांच्या बाबतीत करतोय, आणि वर हात बसलाय म्हणून ऐट! मी खिशातलं पेन काढलं, ते प्रमाणपत्र मांडीवर घेतलं, आणि तिला विचारावं लागलं, "बाळ, नाव काय तुझं?" वर्षभर शिकवून! लाज वाटली. तिनं सांगितलं, मी लिहिलं, वडिलांचं नाव विचारून तेही लिहिलं, चांगलं वळणदार लिहिलं. ती वाकून बघत होती. मी म्हटलं, सोमवारी ये. ती म्हणाली, आले तर? मी म्हटलं, आलीस तर मी वर बघेन. ती म्हणाली, आणि नाही आले तर? मी म्हटलं, तरी बघेन, तुझ्या जागेकडे.

हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. सुईत दोरा ओवत बसली. मी जिना उतरलो, एका पिंपवाल्याला खाली जाऊ देण्यासाठी भिंतीला चिकटून उभा राहिलो, आणि रविवार... तो रविवार जाता जाईना हो. बायको म्हणाली, काय एवढं, एक मुलगी आली नाही तर शाळा बंद पडणार आहे का? मी म्हटलं, नाही ना पडणार, हेच तर.

सोमवारी वर्गात गेलो. पंखा नाही, घामाच्या धारा, पोरांचे चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे. कॅटलॉग उघडला आणि नंबर नाही, नावं घ्यायला लागलो. एक नाव, मान वर, चेहरा बघायचा, मान खाली, खूण. पुढचं नाव, मान वर. अहो, किती वेळ लागतो! पंधरा मिनिटं! आणि पोरं दचकायला लागली. एक म्हणाला, सर, मी काही केलं नाही. एकीचं नाव घेतलं तर तिनं आधी मागं वळून बघितलं, की हे कुणाला म्हणतायत. दांडगट, गुळण्यावाल्याचं नाव घेतलं तेव्हा तर तो लाजला. असं करत करत छत्तीस संपले आणि मी सदतीसपाशी आलो. तिचं नाव घेतलं. पूर्ण. मान वर करायला, खोटं कशाला सांगू, भीती वाटली.

खिडकीकडचा तिसरा बाक. तिथं ती बसली होती. "हजर, सर," म्हणाली, आणि सबंध वर्ग वळून तिच्याकडे बघायला लागला. माझा चष्मा धुरकटला. घामानंच धुरकटला, पंखा नव्हता ना. मधल्या सुट्टीत तिची आई ऑफिसात येऊन अर्ज परत घेऊन गेली, आणि क्लार्क माझ्यावर चिडला, की तयार केलेला दाखला आता फाडायचा कसा.

असो. आता राहिलं माझं. शनिवारची मीटिंग मी बुडवली होती, तर म्हटलं, रीतसर रजेचा अर्ज देऊ. पण अर्ज लिहितात कसा तेच माहीत नाही! तेवीस वर्षांत कधी लिहिलाय? खेळाच्या सरांना विचारलं, तर त्यांनी खणातून काढून दिला, लिहिलेलाच, असा गठ्ठाच असतो त्यांच्याकडे, नुसती तारीख घालायची. कारण गुडघेदुखी. तो घेतला आणि कॅटलॉग घेऊन मोठ्या बाईंकडे गेलो. म्हटलं, बाई, आठ दिवसांची खाडाखोड आहे, चूक माझी आहे, काय शिक्षा असेल ती द्या. त्या डोकं वर न काढता म्हणाल्या, "सही कुठे करू?" केली. आठ लाल रेघांवर सही केली. मग मी म्हटलं, आणि हा शनिवारच्या रजेचा अर्ज, मी मीटिंगला नव्हतो. तेव्हा त्या म्हणाल्या, "नव्हतात कसे? होतात की."

मी म्हटलं, बाई, मी नव्हतो. त्यांनी इतिवृत्ताची वही काढली, माझ्यासमोर उघडली आणि बोट ठेवलं. माझं नाव. पुढे, हजर. खाली त्यांची सही. अहो, मी त्यांना सांगतोय की मी दवाखान्यामागं तिसऱ्या मजल्यावर बसलो होतो, आणि त्या मला सही दाखवून पटवून देतायत की मी खोलीतच होतो! खेळाच्या सरांना गाठलं, ते शनिवारी कधी नव्हे ते आले होते, तर ते म्हणाले, बाईंनी तुमचं नाव घेतलं, कुणी बोलेना, म्हणून मीच म्हटलं हजर, तुम्ही काय, असताच ना! आणि वहीत खाली काय लिहिलेलं? उपस्थिती प्रमुखांनी अहवाल सादर केला. उपस्थिती प्रमुखांनी ठरावाला अनुमोदन दिलं. जिन्याची रंगरंगोटी, वाचनालयाची मोजदाद आणि भंगाराची विल्हेवाट, ही तीन नवी कामं उपस्थिती प्रमुखांनी आनंदानं स्वीकारली. आनंदानं!

अर्ज खिशात घातला आणि जिन्याचं माप घ्यायला गेलो. म्हणजे हजर असलो तरी माझ्याच गळ्यात, आणि नसलो तरी माझ्याच गळ्यात. तेवीस वर्षांत एकदा, फक्त एकदा दांडी मारली हो... आणि तीसुद्धा कुणाला कळली नाही.